सराव झाल्याचा भास : मोटोव्लॉग आणि नवे दुचाकीस्वार

(सार्वजनिक व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन. बोलण्याची लय शक्यतो तशीच ठेवली आहे.)



आजच्या विषयाची पत्रिका पाहून दोघातिघांनी मला फोन केला. एकाने विचारलं, ‘तुम्ही सिनेमावर बोलणारे, हे वाहतूक पोलिसांचं काम कधीपासून घेतलंत?’ (हशा) तर आधीच सांगतो, मी आज सिनेमावरच बोलणार आहे. गेली बरीच वर्षं मी मुलांना चित्रपट कसा पाहावा ते शिकवतो, आणि त्याहून जास्त वर्षं मोटरसायकल चालवतो. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. तो संबंध माझ्या भाच्याने जोडून दिला. त्याच्याकडे मी नंतर येतो.

आपण कादंबरीची समीक्षा करतो, नाटकाची करतो, आता वेब सिरीजचीही करतो. पण अठरा-वीस वर्षांचा मुलगा रात्री जेवण झाल्यावर मोबाइल घेऊन गादीवर पडतो आणि दीड-दोन तास जे पाहतो, त्याची समीक्षा कोणी करत नाही. त्यातला एक मोठा प्रकार म्हणजे मोटोव्लॉग. हेल्मेटला, बहुधा हनुवटीपाशी, कॅमेरा लावलेला असतो, आत माइक असतो, समोर रस्ता, खाली हँडल आणि दोन हातमोजे. रायडर गाडी चालवत आपल्याशी बोलत असतो. हाही चित्रपटच आहे. त्याची भिंग निवडलेली असते, आवाज रचलेला असतो, संकलन केलेलं असतं. फरक इतकाच की हा चित्रपट पाहून माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी तेच करायला रस्त्यावर उतरतो.

आता समीक्षकाचं पहिलं काम म्हणजे समोरच्या गोष्टीला तिचं श्रेय देणं. ते आधी देतो.

मी गाडी कशी शिकलो? कॉलेजच्या मागच्या मैदानावर एका मित्राने त्याची आरएक्स-१०० माझ्या हातात दिली आणि म्हणाला, ‘क्लच हळू सोड, बाकी काही नाही.’ हे माझं संपूर्ण प्रशिक्षण. पुढचा ब्रेक दाबू नकोस, गाडी पालथी होते, हेही त्यानेच सांगितलं. हे साफ चूक आहे, कारण गाडी थांबवण्याचं बहुतेक काम पुढचाच ब्रेक करतो. पण ते चुकीचं ज्ञान मी दहा-बारा वर्षं इमानेइतबारे वापरलं. मग आरटीओत आठचा आकडा काढला, पाय खाली टेकला नाही, लायसन्स मिळालं. त्या आठच्या आकड्यात ताशी ६० वेगाने येताना समोर कुत्रं आलं तर काय करायचं, हे कुठेही नव्हतं.

हे फक्त आपल्याकडचं नाही. अमेरिकेत हॅरी हर्ट नावाच्या संशोधकाने आणि त्याच्या चमूने लॉस एंजेलिस परिसरात सुमारे ९०० मोटरसायकल अपघात जागेवर जाऊन तपासले आणि १९८१ साली अहवाल दिला. ‘हर्ट रिपोर्ट’ म्हणूनच तो ओळखला जातो. अपघातात सापडलेल्या चालकांपैकी ९२ टक्के लोक कुठलंही रीतसर प्रशिक्षण न घेतलेले होते. ते स्वतःच शिकले होते, नाहीतर घरच्यांकडून, मित्रांकडून. म्हणजे ‘क्लच हळू सोड’वाला मित्र तिकडेही होता.

आजच्या मुलाचा तो मित्र म्हणजे व्हिडिओ. आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर हा मित्र माझ्या मित्रापेक्षा पुष्कळ शहाणा आहे. पुढचा ब्रेक कसा हळूहळू वाढवत दाबायचा, वळणाआधी वेग कमी कसा करायचा, टायरमध्ये हवा किती ठेवायची, चेन कशी साफ करायची, हे सगळं मराठी-हिंदीत आणि फुकट मिळतं. आणखी एक गोष्ट. हेल्मेटसक्तीविरुद्ध कृती समिती स्थापन करणारं पुणं आपलंच. (हशा) तिथे आज पोरं पगारातून पैसे साठवून सात-आठ हजारांचं हेल्मेट घेतात, एप्रिलच्या उन्हात जाड जॅकेट घालून फिरतात. हे पोलिसांच्या पावतीने झालेलं नाही, सरकारी जाहिरातीनेही नाही. हे व्हिडिओतल्या त्या ‘दादा’ने करून दाखवलं. आपल्या देशात २०२२ या एका वर्षात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यातली ४४.५ टक्के दुचाकीवरची. हेल्मेट न घातलेले मृत ५०,०२९. हे केंद्र सरकारचे आकडे आहेत. तेव्हा ज्याने एका जरी मुलाच्या डोक्यावर नीट हेल्मेट बसवलं, त्याची टिंगल करण्याचा मला अधिकार नाही.

मग माझी तक्रार काय आहे?

तुम्हाला वाटेल, स्टंट. २०२३च्या मे महिन्यात लाखो सबस्क्रायबर असलेला एक तरुण युट्यूबर यमुना एक्सप्रेसवेवर गेला. ताशी ३०० किलोमीटरचा वेग गाठायच्या प्रयत्नात तो होता, अशा बातम्या आल्या. ताशी ३०० म्हणजे सेकंदाला ८३ मीटर, हे एकदा मनात आणून पाहा. त्याच वर्षी सप्टेंबरात तामिळनाडूतल्या एका प्रसिद्ध युट्यूबरचा कांचीपुरमजवळ महामार्गावर व्हीली मारताना अपघात झाला. त्याचं लायसन्स दहा वर्षांसाठी रद्द झालं, आणि त्याने चॅनेल बंद करून गाडी जाळून टाकावी, अशा आशयाचं मत मद्रास उच्च न्यायालयाने जामीन नाकारताना व्यक्त केलं.

या दोघांवर बोलणं सोपं आहे. आपण ‘काय हा वेडेपणा’ म्हणतो, मान हलवतो आणि घरी जातो. आपला मुलगा तर काही व्हीली मारत नाही! तो सभ्य व्हिडिओ पाहतो, हेल्मेट घालतो. म्हणून मला आज या सभ्य व्हिडिओबद्दल बोलायचं आहे.

पुन्हा हर्टकडे येऊ. त्याने तपासलेल्या अपघातांत अपघाताच्या आधीचा वेग मोजला, तर मध्यावरचा आकडा निघाला ताशी २९.८ मैल, म्हणजे ४८ किलोमीटर. निम्मे अपघात याहूनही कमी वेगात. आणि धोका दिसल्यापासून आदळेपर्यंत चालकाच्या हातात असलेला वेळ? सर्वसाधारणपणे दोन सेकंदांहून थोडा कमी. त्या दोन सेकंदांत बहुतेकांनी काय केलं? मागचा ब्रेक करकचून दाबून चाक घसरवलं, पुढचा ब्रेक पुरेसा दाबलाच नाही आणि गाडी वळवून बाजूला काढणं जवळजवळ कोणाला जमलं नाही. म्हणजे मरण ३००च्या वेगात राहत नाही. ते आपल्या गल्लीतून मुख्य रस्त्याला लागताना राहतं, चाळीस-पन्नासच्या वेगात, दोन सेकंदांत.

त्या दोन सेकंदांत उपयोगी पडते ती माहिती नव्हे. सराव. माझं आजचं म्हणणं एवढंच आहे : मोटोव्लॉग माहिती देतो, सराव देऊ शकत नाही, पण सराव झाल्याचा भास मात्र देतो. आणि तो भास व्हिडिओ बनवणाऱ्याच्या वाईट हेतूने येत नाही. तो या माध्यमाच्या घडणीतूनच येतो. कसा, ते एकेक करून पाहू.

आधी भिंग. हे कॅमेरे वाइड अँगल असतात. या भिंगात दूरच्या वस्तू आहेत त्यापेक्षा लहान आणि लांब दिसतात. समोरून येणारा ट्रक डोळ्यांना जितका जवळ वाटला असता त्याहून व्हिडिओत दूर वाटतो. दोन गाड्यांमधली फट मोठी वाटते. रोज रात्री दीड तास असं पाहणाऱ्याच्या मनात अंतराचं एक माप तयार होतं. ते माप भिंगाचं आहे, हे त्याला कोणी सांगितलेलं नसतं.

मग स्थिरीकरण. २०१८च्या सुमारापासून या कॅमेऱ्यांत असं तंत्र आलं की सगळे हादरे गायब. काही कॅमेरे तर गाडी कितीही झुकली तरी क्षितिज आडवं, सरळ ठेवतात. चित्र लोण्यासारखं. आता आपल्या रस्त्यावर हादरा ही बातमी असते. हँडलमधून हाताला कळतं की डांबर संपलं, खडी लागली, पुढे खड्डा आहे. व्हिडिओत तो संदेशच पुसलेला. त्यात मोबाइलवर चित्र दाबून लहान केलेलं, म्हणजे डांबरावर पसरलेली बारीक वाळू त्यात दिसणंच शक्य नाही. पाहणाऱ्याला सगळा महाराष्ट्र गुळगुळीत वाटतो. (हशा)

आता आवाज. इथे तुम्हाला एक जुनी गोष्ट सांगतो. क्लोद लेलूश या फ्रेंच दिग्दर्शकाने १९७६ साली सुमारे आठ मिनिटांचा एक लघुपट केला. पहाटेच्या पॅरिसमधून एक मोटार सिग्नल तोडत, कबुतरं उडवत सुसाट जाते. एकच सलग दृश्य, कॅमेरा पुढच्या बंपरपाशी. इंजिनाचा आवाज असा की पाहणाऱ्याच्या पोटात गोळा यावा. तो आवाज फेरारीचा आहे, पण मोटार होती मर्सिडीज. आवाज नंतर चढवलेला. लेलूशनेच पुढे हे सांगितलं. वर्गात मी हा लघुपट दोनदा दाखवतो, एकदा आवाजासकट आणि एकदा आवाज बंद करून. दुसऱ्या वेळी मुलं म्हणतात, ‘सर, ही गाडी हळू चालली आहे.’ गाडी तीच आहे. वेग आपण डोळ्यांपेक्षा कानांनी जास्त पाहतो.

मोटोव्लॉगमध्ये याच्या उलटही होतं. सायलेन्सरपाशी वेगळा माइक लावून गुरगुर आत घेतात, आणि वारा मात्र गाळून टाकतात. ताशी ९०च्या पुढे हेल्मेटमध्ये वाऱ्याचा जो गोंगाट असतो, ज्याने मान आणि डोकं दोन्ही दुखतं, तो शरीराने दिलेला इशारा आहे. व्हिडिओत त्या जागी शांत, गप्पा मारणारा आवाज असतो. ‘तर भावांनो, आता आपण शंभरच्या आसपास आहोत.’ जणू ओट्यावर बसून बोलतोय. नव्या मुलाच्या मनात शंभरचा वेग आणि तो निवांत आवाज यांची गाठ पडते. त्यातून गाडी चालवता चालवता सतत बोलणं हे स्वाभाविक वाटायला लागतं, ते वेगळंच. फोनवर बोलणाऱ्याला आपण शिव्या देतो. कॅमेऱ्याशी बोलणाऱ्याला लाइक देतो.

आणि शेवटी कात्री. संकलन. चार तासांच्या प्रवासाचे दहा मिनिटं करायचे तर काय जातं? कंटाळा जातो. ट्रकमागे थांबणं जातं, ओव्हरटेक करायला निघून परत मागे येणं जातं, लांबवर म्हैस दिसली म्हणून उगाच वेग कमी करणं जातं, चहाला थांबणं जातं. उरतात वळणं, ओव्हरटेक आणि निसर्ग. मंडळी, मी तीस-एक वर्षं गाडी चालवतोय आणि दोन्ही पायांवर उभा आहे, याचं सगळं श्रेय त्या कापून टाकलेल्या भागाला आहे. गाडी चालवणं म्हणजे नव्वद टक्के वाट पाहणं. संकलक तेच नव्वद टक्के उचलून टोपलीत टाकतो. त्याचा नाइलाज आहे, कारण वाट पाहणं कोण पाहील?

रॉबर्ट पिर्सिगचं ‘झेन अँड द आर्ट ऑफ मोटरसायकल मेंटेनन्स’ तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी वाचलं असेल. १९७४चं पुस्तक. सुरुवातीलाच तो म्हणतो, मोटारीच्या काचेतून बाहेर पाहणं म्हणजे टीव्हीच पाहणं, आपण एका चौकटीत असतो. मोटरसायकलवर ती चौकट नाहीशी होते, आपण त्या दृश्यातच असतो. पन्नास वर्षांनी आपण काय केलं? हेल्मेटला कॅमेरा लावून ती चौकट परत आणली.

आता माझ्या भाच्याची गोष्ट. त्याच्या परवानगीने सांगतो आहे. नाव सांगत नाही, कारण तो आज सभागृहात आहे. (हशा)

त्याने साधारण चाळीस हॉर्सपॉवरची गाडी घेतली. घेण्याआधी वर्षभर व्हिडिओ पाहिले. पहिल्यांदा माझ्याकडे आला तेव्हा ट्रेल ब्रेकिंग, काउंटरस्टिअरिंग, वळणाचा एपेक्स असं बोलत होता. हे शब्द मला चाळिशीत कळले. मी खूश झालो, खोटं कशाला बोलू. ताईला म्हणालो, पोरगा अभ्यास करून गाडी चालवतोय, काळजी करू नकोस. हे वाक्य मी बोललो आहे. ते मला परत घेता येत नाही.

चार महिन्यांनी, ऑक्टोबरातल्या एका रविवारी, तो ताम्हिणी घाटात पडला. पडला म्हणजे एका उजव्या वळणावर गाडी वळलीच नाही. ती सरळ डाव्या बाजूच्या कठड्यावर गेली. खांद्याचं हाड आणि डाव्या मांडीचं हाड. पाच महिने घरात. डोकं शाबूत राहिलं ते हेल्मेटमुळे, आणि ते हेल्मेट त्याने व्हिडिओ पाहूनच घेतलं होतं. तेवढ्यासाठी मी त्या अनोळखी युट्यूबरचा आयुष्यभर ऋणी आहे.

दुसऱ्या महिन्यात एकदा त्याला भेटायला गेलो, तर म्हणाला, ‘मामा, कॅमेऱ्यात सगळं आहे. बघायचंय?’ त्याचंही छोटंसं चॅनेल होतं, चारशे-पाचशे सबस्क्रायबर. आम्ही दोघांनी ते एकेचाळीस मिनिटांचं कच्चं चित्रण पाहिलं. तीनदा पाहिलं. मी आयुष्यात पुष्कळ सिनेमे बारकाईने पाहिले, पण असा कुठलाच नाही.

पहिल्या अर्ध्या तासात काय आहे? एक एसटी आहे. घाट सुरू झाल्यापासून हा त्या एसटीच्या मागे. ताशी तीस-पस्तीस. वैतागलाय, पुटपुटतोय. मला म्हणाला, ‘हा भाग मी उडवणारच होतो.’ मी म्हटलं, अरे, या अर्ध्या तासात तू उत्तम गाडी चालवलीयस. प्रत्येक वळणाआधी वेग कमी आहे, मान पुढच्या वळणाकडे फिरलेली आहे, कारण एसटीच्या पलीकडे काही दिसतंय का हे तू शोधतोयस. या घाटात तुला शिकवणारी ती एसटीच होती.

मग सरळ पट्टा येतो, एसटी मागे पडते. आवाज बदलतो. आता तो प्रेक्षकांशी बोलायला लागतो. तीन वळणं छान जातात. चौथ्याला, बोलता बोलता वाक्य अर्धवट तुटतं आणि दोन सेकंद काहीच आवाज नाही. मग कठडा.

आम्ही ते दोन सेकंद थांबवून थांबवून पाहिले. कॅमेऱ्याच्या जीपीएसवर वेग होता ताशी ५८. फार नाही. रस्ता कोरडा होता, वाळू नव्हती, समोरून कोणी येत नव्हतं. ते वळण गाडीच्या क्षमतेत सहज बसत होतं. आणि चौकटीच्या उजव्या कोपऱ्यात वळणातून बाहेर पडणारा रस्ता शेवटपर्यंत दिसतोय. भिंग वाइड असल्यामुळे कॅमेऱ्याने तो टिपला. पण हेल्मेट वळलेलं नाही. चौकटीच्या मधोमध आहे कठडा, आणि तो मोठा मोठा होत जातो. वेग थोडा जास्त वाटला, घाबरला, नजर कठड्यावर खिळली, हात ताठ झाले. आणि जिथे नजर, तिथे गाडी.

मी काही बोलायच्या आत तोच म्हणाला, ‘मामा, मला हे माहीत होतं. जिथे बघशील तिथे जाशील, हे मी शंभर व्हिडिओत ऐकलंय. मी स्वतः एका व्हिडिओत सांगितलंय.’

हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. त्याला माहीत होतं. परीक्षा घेतली असती तर त्याने पैकीच्या पैकी गुण मिळवले असते. पण भीती वाटल्यावर नजर धोक्यावर खिळते, ही शरीराची मुळातली सवय. ती मोडायला हळू वेगात, तीच ती वळणं, शेकडो वेळा, मुद्दाम मान फिरवत घ्यावी लागतात. व्हिडिओ पाहताना भीती वाटत नाही. गादीवर पडून कठडा अंगावर येत नाही. जिथे भीतीच नाही तिथे भीतीत कसं वागायचं, हे शिकणार कसं? पोहण्याचे व्हिडिओ पाहून कोणी विहिरीत उडी मारत नाही, कारण पाणी नाकात जातं हे सगळ्यांना ठाऊक असतं. गाडीचं तसं नाही. ती पहिल्याच दिवशी चालायला लागते. म्हणून फसगत होते.

आणखी एका प्रकाराबद्दल थोडं बोलतो. ‘थोडक्यात वाचलो’ छापाचे संकलित व्हिडिओ. कोणीतरी आडवं आलं, रायडरने ब्रेक मारला, मग शिव्या, मग ते चेहरे थंबनेलवर. बहुतेक वेळा चूक खरंच समोरच्याची असते. हर्टच्या अहवालातही दुसऱ्या वाहनाशी झालेल्या टकरींत सर्वांत जास्त आढळणारा प्रकार हाच होता, समोरचा वाहनचालक मोटरसायकलच्या वाटेत वळला. पण हे व्हिडिओ पाहून नवा मुलगा शिकतो ते ‘चूक कोणाची’. वाचण्यासाठी शिकायचं असतं ‘मला हे आधी कुठे दिसायला हवं होतं?’ स्कूटरवरच्या बाईंचं पुढचं चाक आधी किंचित वळलेलं होतं, रिक्षा प्रवासी पाहून मंदावलेली होती. ते पाच सेकंद आधीचं चित्र कापलेलं असतं, कारण त्यात काही घडत नाही. आपण निर्दोष होतो, हे अस्थिविभागात पडून सिद्ध करण्यात काय अर्थ आहे?

आता कोणी म्हणेल, सगळा दोष व्हिडिओवर का? नाही, सगळा नाही. मी आरएक्स-१०० चालवली, तिला होती सुमारे ११ हॉर्सपॉवर. २०१३ साली आपल्याच चाकणमधून ३९० ड्यूक बाहेर पडली, सुमारे ४३ हॉर्सपॉवरची. गाडी म्हणून ती उत्तम आहे, दोष तिचा नाही. पण युरोपात पायऱ्या आहेत. आधी १२५ सीसी, ११ किलोवॉटपर्यंत. मग पुढचं लायसन्स, ३५ किलोवॉटपर्यंत. सगळ्यात मोठ्या गाड्या थेट चालवायच्या तर सर्वसाधारण नियमाने वय २४, नाहीतर मधल्या पायरीचा दोन वर्षांचा अनुभव आणि मग पुढची पायरी. आपल्याकडे अठरा पूर्ण, आठचा आकडा काढला, की १०० सीसीलाही तेच लायसन्स आणि २०० हॉर्सपॉवरलाही तेच. पायऱ्या कायद्याने बांधलेल्या नाहीत. त्या रिकाम्या जिन्यात व्हिडिओ उभा आहे, आणि तो एकच पायरी दाखवतो, वरची.

थोडं गणित करू. ताशी ६० म्हणजे सेकंदाला जवळजवळ १७ मीटर. धोका दिसून हात हलायला एक सेकंद धरा, १७ मीटर गेले. मग कोरड्या रस्त्यावर चांगला ब्रेक मारला तर आणखी २० मीटर. एकूण ३७. आता वेग १०० करा. प्रतिक्रियेत २८ मीटर, ब्रेकमध्ये सुमारे ५५. एकूण ८३. वेग पावणेदोन पटही झाला नाही, अंतर दुपटीहून जास्त. आणि हे चांगला ब्रेक मारणाऱ्याचं. नवशिक्याने यात भर घालावी. मी अजून एकही लोकप्रिय मोटोव्लॉग असा पाहिला नाही की ज्यात कोणी मोकळ्या मैदानात खडूने रेघ मारून, वीस वेळा ब्रेक मारून, टेपने अंतर मोजून दाखवलंय. कोणी केलं असेल तर मला जरूर सांगा, मी वर्गात दाखवीन.

मग काय करायचं? बंदी घाला म्हणणाऱ्यांतला मी नाही. मोबाइल काढून घेतला तर पोरगा मित्राच्या मोबाइलवर बघेल, आणि तो मित्र ‘पुढचा ब्रेक दाबू नको’ म्हणणारा असेल. (हशा) सिनेमा शिकवणारा माणूस सांगेल तेच मी सांगतो : पाहायला शिका. व्हिडिओ मध्येच थांबवा आणि तीन प्रश्न विचारा. एक, या क्षणी रायडरला काय दिसत नाहीये? वळणाच्या पलीकडे, बसच्या पुढे, गल्लीच्या तोंडाशी. दोन, याआधीची दहा मिनिटं कुठे गेली, त्यात तो काय करत होता? तीन, इथे हे चुकलं असतं तर जागा किती होती? पालकांनी शेजारी बसून हे विचारावं. मुलगा तुमच्यापेक्षा चांगली उत्तरं देईल. मग रविवारी सकाळी रिकाम्या मैदानावर दोघं जा, आणि तीसच्या वेगाने, कंटाळा येईपर्यंत, ब्रेक आणि वळणं करा. कंटाळा आला की समजा, सराव आता कुठे सुरू झालाय.

आणि जे व्हिडिओ बनवतात त्यांना एक विनंती. तुमच्यापैकी बरेच जण मनापासून काम करता. तुमची एसटी कापू नका. महिन्यातून एकदा तरी घाटाचा एक अखंड तुकडा टाका, वाऱ्याच्या आवाजासकट, हादऱ्यांसकट. मागे घेतलेला ओव्हरटेक दाखवा. ‘इथे मी घाबरलो’ हे सांगा. लोक कमी पाहतील. पण जे पाहतील त्यांना तुम्ही खरं काहीतरी दिलेलं असेल.

शेवटचं सांगतो. काठी सुटल्यावर भाच्याने विचारलं, ‘मामा, ते टाकू का?’ ताई नको म्हणाली. आदळण्याचा तुकडा टाकला असता तर लाखभर लोकांनी पाहिला असता, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं. त्याने दोन आठवडे विचार केला आणि तीस मिनिटांची ती एसटी टाकली. कात्री न लावता. वर आपल्या आवाजात सांगत गेला, इथे मी कुठे बघतोय, इथे वेग का कमी आहे. शेवटी एसटी मागे पडते, सरळ रस्ता दिसतो आणि तो म्हणतो, इथून पुढे चार वळणांवर मी पडलो, ते दाखवणार नाही, कारण त्यात शिकण्यासारखं काही नाही, जे होतं ते वर येऊन गेलं. व्हिडिओ संपतो.

काल रात्री मी पाहिलं, त्याला दोनशे अकरा जणांनी पाहिलंय. त्यातले दहा-बारा वेळा मीच. (हशा) खाली एका मुलाने लिहिलंय, ‘दादा, मी पण त्याच घाटात एसटीच्या मागेच राहिलो आज.’

आता प्रश्न घेऊ. आणि घरी जाताना हेल्मेटचा पट्टा लावा, नुसतं डोक्यावर ठेवू नका. नमस्कार.